पहिली ओळ खालून

लग्नात, दवाखान्यात, भाजी घेताना, कुठंही गाठ पडलेला ओळखीचा माणूस हल्ली मला एकच विचारतो. "मास्तर, ते एआयनं स्क्रीन काढायचं टूल घ्यायचंय. कुठलं घ्यावं, भाड्याचं का घरचं?" मी "बघू की" म्हणतो आणि कोथिंबिरीच्या जुड्या चाचपायला लागतो. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजून तासभर धरून ठेवला असता. न विचारणाऱ्यालाही ठेवला असता. बायको त्या दिवसांना माझा कीर्तनाचा हंगाम म्हणते. संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहा म्हटलं तेव्हा आधी फुशारकीचे सगळे आठवले, पण ते मी लोकांना इतक्यांदा ऐकवलेत की कुणी वाचणार नाही. म्हणून तो हंगाम कसा संपला, ते लिहितो.

आधी धंदा सांगतो. मी मूळचा चादरीचा नक्षीवाला, मास्तर हे नाव तिथलंच. आमचं घर तेलुगू, तीन पिढ्या मागावर. चादरीवर जो मोर दिसतो तो आधी कुणीतरी कागदावर काढावा लागतो. बारीक चौकोनांचा कागद असतो, त्याला ग्राफ म्हणायचं. एक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची भेट. कुठं उभा धागा वर राहायचा आणि कुठं खाली, ते चौकोन रंगवून सांगायचं. मग पंचिंगवाला तो ग्राफ ओळीओळीनं वाचत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतो, त्या पट्ट्या मागावर चढतात आणि कापडावर मोर उतरतो. एक चौकोन चुकला तर मोराच्या नाकावर मस येतो, आणि तोच मस पुढच्या प्रत्येक चादरीवर येत राहतो. हे काम मी तीस वर्षं केलं.

पुढं माग कमी झाले, नक्षी कॉम्प्युटरवर गेली आणि पन्नाशी ओलांडल्यावर मी घरी बसलो. माझी मुलगी माधवी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "नान्ना," आमच्यात वडिलांना नान्ना म्हणतात, "फोनची स्क्रीन म्हणजे पण चौकोनच की. बटण कुठं, नाव कुठं, अक्षर केवढं, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. तुम्ही ते शिका." शिकलो. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत टेबल टाकलं आणि दारावर 'स्क्रीन डिझाइन' अशी पाटी लावली. पहिले सहा महिने लोक फुटलेले मोबाइल घेऊन येत होते. काच बदलून मिळत नाही म्हटल्यावर रागावून जायचे. हळूहळू खरी गिऱ्हाइकंही यायला लागली.

मग एआय आलं. पूर्वी एका ॲपच्या वीस स्क्रीन काढायला मला महिना लागायचा. आता आपण चार ओळी लिहायच्या, काय हवंय ते सांगायचं, की टूल चहा निवायच्या आत स्क्रीन काढून देतं. ह्या टूलांचे दोन प्रकार. भाड्याचं टूल कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर, लांब परदेशात असतं. आपण इंटरनेटवरून मागणी पाठवायची आणि तिकडून येईल ते घ्यायचं. घरचं टूल लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट. ते आपल्याच कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, आत काय लिहिलंय ते उघडून वाचायचं, पटलं नाही तर बदलायचं. पहिलं हुशार आणि चपळ, दुसरं जरा मंद. खानावळ आणि घरची चूल यांच्यात असतो तेवढाच फरक म्हणा.

मी आधी खानावळीतच जेवत होतो. तिथं पहिला खडा लागला तो नातेपुत्याच्या एका मंगल कार्यालयाच्या कामात. मी टूलला लिहिलं, लग्नाच्या हॉलचं बुकिंग, शांत आणि प्रसन्न वाटलं पाहिजे. त्यानं झकास स्क्रीन काढली आणि मी घाईत नीट न बघता पुढं धाडली. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन.

"मास्तर, घरी समदं बरं हाय न्हवं?"

"हो की. का?"

"न्हाय, समदी माणसं पांढऱ्या कापडात, मेणबत्त्या पेटवल्याल्या, अन् कोण बी हसंना. ह्ये लगीन हाय का दहावा?"

चूक माझी होती, मी बघितलंच नव्हतं. पण आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायला टूल लई सोयीचं असतं, ते उलट फोन करत नाही. "परदेशी टूल आहे, त्याला आपलं काय कळतंय," असं मी मालकांना सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं. भाड्याच्या टूलबद्दल माझ्या मनात तिथून अढी बसली.

त्याच सुमाराला डायलिसिस सेंटरचं काम आलं. सेंटर एका ट्रस्टचं. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्यात त्यांचं रक्त मशीननं स्वच्छ करतात, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी चार तास. पाळी चुकली तर अंगात पाणी साचतं, श्वास कोंडतो, जिवावर बेततं. तिथल्या मुख्य सुवर्णा सिस्टर. आवाज अगदी हळू, आणि त्या हळू आवाजाला डॉक्टरसुद्धा वचकून असायचे. त्यांची अडचण साधी होती. रुग्णांचे वार ठरलेले असतात, पण एखादं मशीन बंद पडलं की सगळ्यांच्या पाळ्या पुढंमागं होतात, आणि मग खेड्यापाड्यातल्या एकेकाला फोन करत बसावं लागतं.

"माझा दिवस फोनवर जातो मास्तर. पेशंटकडं कोण बघणार? त्यांच्या फोनवर त्यांच्या पाळ्या दिसतील असं करा. मात्र चुकता कामा नये."

"सिस्टर, तीस वर्षांत मोराचा डोळा कधी चुकवला नाही मी."

"मोर डायलिसिसला येत नाहीत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या रुग्णाकडं वळल्या.

मागचं प्रोग्रामिंग माधवीच्या ओळखीच्या एका बाई करणार होत्या, दिसणं माझ्याकडं. एका रुग्णाला त्याच्या पुढच्या दोन पाळ्या दाखवायच्या, एवढंच काम. मी दोन चौकोन ठरवले, एकावर एक. वार मोठा, तारीख बारीक, म्हणजे सुटसुटीत दिसतं. जवळची पाळी खालच्या चौकोनात, त्यानंतरची तिच्या वर. हे मला इतकं साहजिक वाटलं की का, ते मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही.

भाड्याच्या टूलनं जवळची पाळी वर घातली. मी दुरुस्त करायला सांगितलं. त्यानं केलं आणि खाली टीप जोडली, की बहुतेक लोक वरून खाली वाचतात, जवळची तारीख वर असलेली बरी. मी रंग बदलायला सांगितला, तर त्यानं रंग बदलता बदलता चौकोन पुन्हा उलटे केले. पुन्हा तीच टीप, अगदी अदबीनं. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर मी लॅपटॉप आपटून मिटला. तीस वर्षं नक्षी काढणाऱ्याला हे काल आलेलं मांडणी शिकवणार.

माधवीला फोन लावून तक्रार केली. ती म्हणाली, "पण नान्ना, बरोबरच सांगतंय की ते."

"फोन धरल्यावर अंगठा कुठं असतो? खाली. चॅटमध्ये नवा मेसेज कुठं येतो? खाली. मग?"

ही कारणं मी त्याच क्षणी शोधली होती. पण बोलता बोलता ती मला इतकी पटली की फोन ठेवेपर्यंत त्यांचा सिद्धांत झाला होता. माधवी म्हणाली, "बघा तुम्हाला काय वाटतं ते." लेकी असं म्हणतात तेव्हा त्यांनी नाद सोडलेला असतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी घरचं टूल उतरवून घेतलं. महिना एप्रिल, गाव सोलापूर, कॉम्प्युटर जुना. टूल चालू झालं की तो डबा तव्यासारखा तापायचा. घरातला एकुलता एक टेबलफॅन मी त्याच्याकडं वळवला आणि स्वतः वर्तमानपत्रानं वारा घेत बसलो. एक स्क्रीन निघायला पाऊण तास लागायचा. पण त्या टूलची एक फाइल होती, तिच्यात त्याला कायमच्या सूचना लिहून ठेवलेल्या. त्यातच ती ओळ सापडली: यादीत जे आधी घडणार ते वर ठेवावं. मी ती ओळ खोडली आणि तिथं माझी लिहिली. टूलनं मुकाट्यानं ऐकलं. टीप नाही, सुचवणं नाही. मला इतका आनंद झाला की बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं.

"बघ, सांगेन तसं करतंय. उलट बोलत नाही."

ती पदराला हात पुसत म्हणाली, "बरं झालं. घरात तसं एक पाहिजेच होतं तुम्हाला."

आणि माझं कीर्तन सुरू झालं. आपलं टूल आपल्या ताब्यात, परक्याच्या दारात का जायचं, रुग्णांची नावं आपल्या खोलीच्या बाहेर जात नाहीत. हे शेवटचं मात्र खरं होतं, आणि सुवर्णा सिस्टरना तेवढंच पटलं. ज्येष्ठ नागरिक मंडळात ह्या विषयावर मी पाऊण तास बोललो. आभार मानणाऱ्यानं आधी दोघांना जागं केलं आणि मग आभार मानले.

स्क्रीन काढली की ती लोकांच्या हातात देऊन बघायची असते. हा नियम मी पाळला. आमच्या जुन्या घराच्या गल्लीत गेलो, कट्ट्यावर चार म्हातारे बसलेले, एकेकाच्या हातात फोन दिला. "ह्यातली पहिली पाळी कुठली?" चौघांनीही खालच्या चौकोनावर बोट ठेवलं. कुणी अडखळलंसुद्धा नाही. मी छाती फुगवून परत आलो. सिस्टरनी विचारलं, "आमच्या पेशंटना दाखवली का?" मी म्हणालो, "साध्या, वयस्क, कामगार माणसांना दाखवलीय. तुमच्या पेशंटसारख्याच." सिस्टरना चार कामं होती, त्या निघून गेल्या.

स्क्रीन सुरू झाली. महिनाभर सगळं सुरळीत चाललं आणि माझा आवाज आणखी चढला. त्या महिन्यात ती कुणी वाचतच नव्हतं, हे नंतर कळलं. वार ठरलेले होते, माणसं सवयीनं येत होती. मग एका रविवारी एक मशीन बंद पडलं, पाळ्या बदलल्या, सगळ्यांच्या फोनवर 'पाळी बदलली, बघा' असा मेसेज गेला, आणि सिस्टरनी पहिल्यांदाच कुणाला फोन केला नाही.

बुधवारी दुपारी त्यांचा मला फोन आला. "मास्तर, इकडं या." एवढंच बोलल्या. मी स्कूटर काढली.

बाकीचे गोंधळले तसे सेंटरला फोन करून विचारून आले होते, राहिल्या त्या मंद्रूपच्या गौरव्वा म्हणून एक बाई, साठीच्या. त्यांचे वार सोमवार आणि गुरुवार. त्या आठवड्यात सोमवारची पाळी मंगळवारी आणि गुरुवारची शनिवारी गेली होती. मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी राहिली. सिस्टरनी फोन लावले, लागले नाहीत. बुधवारी दुपारी शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना आणलं, तेव्हा त्यांना आडवंसुद्धा होता येत नव्हतं. सहा दिवस रक्त स्वच्छ झालेलं नव्हतं. मी पोचलो तर मशीन चालू होतं, तोंडाला ऑक्सिजन लावलेला, पाय सुजून टम्म झालेले. डोळे मिटून त्या पुन्हा पुन्हा "नीरु, नीरु" म्हणत होत्या. कानडीत नीरु म्हणजे पाणी. आणि पाणीच त्यांना देता येत नव्हतं, कारण तेच छातीत साचलं होतं.

बाहेर बाकावर त्यांचे मालक सिद्रामप्पा टोपी हातात घेऊन बसले होते. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "काका, फोनवर काय वाचलं ते ह्यांना दाखवा."

त्यांनी कोपरीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला फोन काढला, पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली. "हितं बगा की. शनिवार, सकाळी सात. आमी शनवारी येनारच हुतो. पर मंगळवारपास्नं तिला धाप लागली."

"त्याच्या खाली मंगळवार लिहिलाय की काका."

"व्हय, त्यो बी वाचला. त्यो फुडचा मंगळवार आसंल म्हनलं. आदी शनवार, मग मंगळवार." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वरनंच वाचत्यात न्हवं?"

मी ती स्क्रीन वरून खाली वाचून पाहिली. कापड खालून वर विणत जातं. पहिला आडवा धागा खाली पडतो, दुसरा त्याच्या वर बसतो. म्हणून नक्षीच्या ग्राफची पहिली ओळ सगळ्यात खालची असते आणि तो खालून वर वाचायचा असतो. तीस वर्षं मी तसंच वाचलं होतं. आणि कट्ट्यावरचे ते चौघे? दोन पंचिंगवाले, एक माग दुरुस्त करणारा आणि एक माझ्यासारखाच नक्षीवाला. उभ्या जिल्ह्यात खालून वर वाचणारी माणसं असून असून एका गल्लीत असतील, आणि मी तपासायला नेमका त्याच गल्लीत गेलो होतो. सातासमुद्रापलीकडच्या टूलला जे दिसलं ते त्यानं मला तीनदा सांगितलं होतं. घरच्या टूललाही ते ठाऊक होतं, त्याची ती ओळ मी माझ्या हातानं खोडली होती. अंगठा आणि चॅट ही नुसती वकिली होती.

"सिस्टर, चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला काय सांगताय? त्यांना सांगा."

मी सिद्रामप्पांच्या शेजारी बसलो. म्हणालो, "काका, तुमचं काही चुकलेलं नाही. मी उलटं मांडलं होतं." त्यांना सगळं सांगितलं, माग, ग्राफ, खालची पहिली ओळ. डॉक्टर बोलत असताना माणसं मान हलवतात तशी ते हलवत होते. "व्हय, व्हय." मी थांबल्यावर म्हणाले, "तुमी शिकल्याली माणसं, तुमचं कशाला चुकतंय. मीच आडानी. तारीक बी हुती खाली, बारीक हुती, म्या बगितली न्हाय. एकदा कुनाला तर ईचारायचं हुतं." मग टोपीची घडी घातली. "चाळीस वरसं झाली आमच्या लग्नाला. तिला वाचता येत न्हाय. मी वाचीन ते खरं, आसं हाय तिचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की आत काही झालं तर हा माणूस जन्मभर हेच म्हणत राहणार. संध्याकाळी गौरव्वांचा श्वास मोकळा झाला. त्यांनी डोळे उघडून मालकांना हाक मारली तेव्हा मी जिन्यात जाऊन एकटा उभा राहिलो. सिस्टर तिथून जाताना नुसतं म्हणाल्या, "उद्यापासून फोन मीच करते. तुमचं नीट होईपर्यंत."

ती स्क्रीन मी त्याच दिवशी बदलली, कुठलंही टूल न लावता, हातानं. एकच चौकोन, एकच पाळी, वार आणि तारीख सारखीच मोठी. मग आठ दिवस सेंटरच्या बाकावर जाऊन बसलो आणि येईल त्याच्या हातात फोन दिला. त्यात मला माझ्या आणखी दोन चुका सापडल्या, त्या इथं सांगत नाही, संपादकांनी पानं मोजून दिलीत. आता मी दोन्ही टूलं वापरतो. काम घरच्यावर, कारण रुग्णांची नावं बाहेर जाऊ नयेत हे तेव्हाही बरोबर होतं आणि आताही आहे. खोडलेली ओळ परत लिहिली. काम झालं की खोटी नावं घालून तीच स्क्रीन भाड्याच्या टूलला दाखवतो आणि ह्यात काय चुकलंय ते सांग म्हणतो. सांगितलेलं शेवटपर्यंत वाचतो. बायको म्हणते, शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या यादीत आता माझीही पाळी लावा.

गौरव्वा अजून येतात, सोमवारी आणि गुरुवारी. पण दीड-दोन महिन्यांनी मी काही कामानं एका बुधवारी सेंटरला गेलो तर बाकावर सिद्रामप्पा एकटेच बसलेले. सिस्टरनी सांगितलं की ते दर पाळीच्या आदल्या दिवशी येतात. रान टाकून, एसटी धरून मंद्रूपहून यायचं, "उद्या हाय न्हवं?" एवढं विचारायचं आणि परत जायचं. माणसांचे हेलपाटे आणि सिस्टरचे फोन वाचावेत म्हणून मी ती स्क्रीन केली होती. सिस्टरनी त्यांना चारदा समजावलं होतं, येऊ नका म्हणून.

मी जवळ जाऊन बसलो. "काका, फोन काढा बरं."

त्यांनी पिशवीतून फोन काढला.

"वाचा."

"गुरुवार. सकाळी सात." तारीखही वाचली, अडखळत, पण बरोबर.

"आता एकच चौकोन आहे. त्याच्या वर काही नाही, खाली काही नाही. तुम्ही अगदी बरोबर वाचलं. मग कशाला एवढ्या लांब येता? माझ्यावर विश्वास बसत नाही का?"

"तुमच्यावर हाय की मास्तर," ते म्हणाले. "माझ्यावर न्हाय."

आणि उठून सिस्टरना विचारायला आत गेले.